खरखर पायजे, काढाची नाही

गिटारीचं पेडल म्हनलं का तुमच्या डोळ्यासमोर लांब केसांचा, बेलबॉटमवाला हिरो आला असंल. हाकला त्याले. माहे केस बाबा न्हाव्याजवळ उभे राहून बारीक करून आनत, अन् माहं पेडल साबनाच्या लाल डबीत होतं.

मी नकल्या. बकरी, बसचा कंडक्टर, शेजारचा म्हातारा, सारे माह्या गळ्यात राहत. मागच्या ग्यादरिंगले मी हेडमास्तरची नक्कल हेडमास्तरसमोरच केली होती. म्हनून या वर्षी त्याईनं अटच घातली: "गिटार वाजवायची तर वाजव. पण तोंडातून एक आवाज जरी काढलास, तर या शाळेचं स्टेज तुला बंद."

मलेही तेच पायजे होतं. जो भेटला तो म्हने, "ए, बकरी काढून दाखव." एकदा तरी हातानं वाजवून टाळ्या घ्याच्या होत्या.

गिटार नागपूरच्या मामेभावाची. त्यानंच एका मासिकाचा फाडलेला कागद देल्ला. त्याच्यावर पायानं दाबाच्या पेडलचं सर्किट होतं. गिटारीचा साधा आवाज आत टाका, फाटका, गुरगुरता आवाज बाहेर घ्या. मेलेल्या रेडिओतून दोन ट्रान्झिस्टर काढले, सोल्डर मारता मारता दोन बोटं भाजली, डबीत सारं कोंबलं, बटन दाबलं.

काहीच नाही. डास बरा, तेवढा तरी आवाज करते.

साकोलीच्या बसस्टँडमागं एक रेडिओ दुरुस्तीवाले काका बसत. त्याईनं डबी उघडली, चष्मा कपाळावर नेला.

"बॅटरीचा मायनस अर्थले काहून जोडला बे?"

"शाळेत तसंच शिकवलं जी."

"शाळेनं हे जुने ट्रान्झिस्टर पायले नाही. हे उलट्या डोक्याचे राहतात. याले प्लस अर्थले दे."

तारा पलटवल्या. तार छेडली. घर्रर्रर्र! अस्सा मस्त फाटका आवाज आला का मी टुनकन उडालो. पन काकाचा चेहरा पडला. जन्मभर लोकांच्या रेडिओची खरखर काढलेला मानूस तो. मी नाचतच होतो, तेवढ्यात त्याईनं एक छोटा कंडेन्सर उचलला, दोन टाके मारले अन् म्हने, "घे. गेली खरखर."

खरंच गेली. गिटार देवळातल्या भजनावानी सोज्वळ वाजून राहिली.

"काका, काढा जी तो! मले खरखरच पायजे!"

"लोकं खरखर काढाले येतात, तू घालाले आला?"

"हो जी."

"तुह्या बापाले ठाऊक आहे?"

शेवटी त्याईनं कंडेन्सर उपटला. पन बजावून सांगतलं, "आता हे पत्र्याच्या डब्यात बसव अन् डब्याले अर्थ दे. नाही तं हवेतलं कायबी पकडंल." मी हो हो म्हनलं. पत्र्याले भोकं पाडाचा कंटाळा आला. अन् लाल डबी दिसाले झकास होती.

ग्यादरिंगचा दिवस. पाहुने म्हनून शेतीचे मोठे साहेब आलते. शुद्ध भाषेत त्याईनं अर्धा तास "शेतकरी बंधूंनो" केलं. समोर सातवी-आठवीची पोरं, शेतकरी एकही नाही. मंग माहा नंबर लागला. गिटारीची तार डबीत, डबीची तार लाउडस्पीकरच्या मशीनमंधी. तोंड गच्च मिटलं, पायानं बटन दाबलं.

भोंगा बोलला: "शेतकरी बंधूंनो, उन्हाळी धानाच्या रोपांची काळजी कशी घ्यावी…"

रेडिओवरचा शेतीचा कार्यक्रम! डबीनं पकडला होता. अख्खा मंडप हासून लोटपोट. साहेबाचा चेहरा माह्या डबीएवढा लाल. मी घाबरून जोरजोरात तारा छेडल्या, तं साहेब गुरगुरत बोलतात असं वाटाले लागलं. मांगून एक पोट्टा वरडला, "पाय बे! तोंड बंद ठेवून साहेबाची नक्कल करून राहिला! पोटातून बोलते!"

टाळ्या अशा पडल्या का पुसू नका. हाताच्या नाही, तोंडाच्याच.

साहेब उठून गेले. मी बटन बंद केलं तोच हेडमास्तर मले कान धरून पडद्यामांगं घेऊन आले; गिटारीच्या तारेनं डबीही फरफटत मांगं आली.

"सर, मी नाही जी! आईच्यान! डबी बोलली!"

"डबी बोलली?"

"थांबा, दाखवतो." मी पायानं बटन दाबलं. शेतीचा कार्यक्रम संपला होता. भोंग्यातून एका बाईचा गोड आवाज आला, "श्रोतेहो, आता आपण ऐकणार आहात…"

हेडमास्तरनं माह्या मिटलेल्या तोंडाकडं पायलं. मंग त्याईची शुद्ध भाषाच सुटली.

"आता बाईचाही काढून राहिला? माह्यासमोर? त्या साहेबाले मी चार चकरा मारून आनलं होतं, नालायका! गिटार म्हनून परवानगी घेते अन् पोटातून बोलते! पुढच्या वर्षी स्टेज तं सोड, तू ग्यादरिंगच्या दिवशी शाळेच्या फाटकाजवळ दिसला नाही पायजे. अन् बापाले घेऊन ये उद्या. खऱ्या बापाले. मागच्या वेळी दारामांगून त्याचा आवाज काढला होता, तो नको!"