घरापर्यंतची तार

कमलअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या घरी जेवून नुकताच आडवा झालो होतो. चैत्रातली दुपार, खिडक्यांना ओले पडदे लावलेले. पलीकडून लता, अक्काची मुलगी, सोनगीरच्या एसटीडी बूथवरून बोलत होती. "मामा, आई..." एवढं म्हणून ती थांबली. मागून हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येत राहिला. मग बूथवाल्याने फोन घेतला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "अक्का गेल्या. तुम्ही या." धुळ्याच्या गाडीत बसेपर्यंत मला काहीच वाटलं नाही. पारोळा मागे पडलं आणि मग एकदम वाटलं, की आता सोनगीरला उतरल्यावर आपल्याला 'सुधा' म्हणून हाक मारणारं कोणी उरलेलं नाही.

कमलअक्का माझी आतेबहीण. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. आमच्या घरातली नोकरी करणारी पहिली बाई. धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांची फळी आणि दोन्ही हातांत फोन जोडायच्या दोऱ्या... मी कॉलेजात असताना एकदा तिला डबा द्यायला गेलो होतो, तेव्हा पाहिलेलं हे दृश्य. तिचं बोलणं त्या नोकरीने घडवलं होतं. कमी शब्द, स्पष्ट उच्चार आणि समोरच्याचं पूर्ण ऐकून घेण्याची सवय. एक गोष्ट ती अनेकदा सांगायची. एका रविवारी सुरतेहून एका मुलाचा ट्रंक कॉल आला. त्याचा भाऊ गिरणीतल्या अपघातात गेला होता आणि त्याला पिंपळनेरकडच्या एका खेड्यात आईवडिलांना कळवायचं होतं. फोन फक्त पोस्टात आणि पोस्ट बंद. मुलगा म्हणत होता, "बाई, तुम्ही लावत राहा, मी थांबतो." ती लावत राहिली. तिकडे बंद खोलीत घंटी वाजत राहिली. "तार गावापर्यंत गेली होती रे," अक्का म्हणायची, "घरापर्यंत नव्हती गेली. एवढंच कमी होतं."

अक्काचे यजमान वसंतभाऊजी एसटीत ड्रायव्हर होते. दणकट, बोलके, क्रिकेटचे वेडे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांना पक्षाघात झाला आणि डावी बाजू गेली. अक्काने नोकरी सोडली आणि त्यांना घेऊन सोनगीरला, सासरच्या घरी आली. पोस्टामागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. लता तेव्हा लग्न होऊन सुरतेला गेलेली. भाऊजी दिवसभर खाटेवर, समोर काळापांढरा टीव्ही. त्यात चित्र कमी आणि मुंग्या जास्त. धुळ्यात तोवर केबल आली होती. भाऊजींच्या डेपोतले मित्र भेटायला यायचे आणि तिथे दिवसदिवसभर मॅच कशी दिसते ते सांगायचे. भाऊजी ऐकून घ्यायचे, आणि मित्र गेले की भिंतीकडे तोंड करून पडायचे.

केबल सोनगीरला आणायची, हे अक्काने बहुधा त्या भिंतीकडे वळलेल्या पाठीकडे पाहून ठरवलं असेल. पण एकदा ठरवल्यावर ती गोष्ट तिच्यापुरती राहिली नाही. गावातला एक सरकीचा व्यापारी पैसे घालायला तयार होता. त्याची अट एकच होती. तार फक्त बाजारपेठेत आणि तांबट गल्लीत टाकायची. तिथे घराला घर लागून, तार कमी आणि वर्गणी जास्त. किल्ल्याखालच्या वस्तीत किंवा मळ्याकडच्या गल्लीत घरं विरळ, तिथे तो जाणार नव्हता. अक्का त्याला म्हणाली, "म्हणजे साय तुम्ही खाणार." आणि ती उठून आली. मग ती माझ्याकडे जळगावला आली. मी बँकेत होतो. आमच्या मॅनेजरसाहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, तारण काय? डिश उद्या विकता येईल. पण लोकांच्या धाब्यांवर, छपरांवर टाकलेली तार काढून विकली तर काय येणार?" अक्काला त्यांचा राग आला नाही. परतताना बसस्टँडवर ती म्हणाली, "बरोबर बोलले ते. तार पडून राहिली तर भंगार आहे. लोक जोडलेले असले तरच तिला किंमत. मग पैसेही त्याच लोकांकडून यायला हवेत."

त्यातून तिची भिशी निघाली. बायकांच्या भिश्या आपल्याकडे घरोघर असतात. दर महिन्याला सगळ्याजणी सारखे पैसे टाकतात आणि जिची चिठ्ठी निघेल ती रक्कम घेऊन जाते. अक्काने चिठ्ठीवर बाईच्या नावाऐवजी गल्लीचं नाव लिहिलं. महिन्याला एक चिठ्ठी, आणि निघेल त्या गल्लीत त्या महिन्याच्या पैशांतून तार. जवळ असो की लांब, प्रत्येक घराची वर्गणी सारखीच. डिश आणि पहिलं यंत्र तिच्या नोकरीच्या फंडातून आलं. बाजारातल्या एका गच्चीवर ते बसलं, कारण तेवढी उंच गच्ची दुसरी नव्हती. धुळ्याचा एक मेकॅनिक आठवड्यातून दोनदा यायचा.

पहिली चिठ्ठी काढायच्या दिवशी मी तिथे होतो. तिच्या ओसरीवर गल्लीगल्लीतल्या बायका दाटून बसल्या होत्या. चिठ्ठी निघाली ती किल्ल्याखालच्या वस्तीची. सगळ्यांत लांबची. तिथवर तार न्यायची म्हणजे बाजार, तांबट गल्ली, सगळ्यांच्या डोक्यावरून न्यावी लागणार, आणि त्यांना मात्र त्यातलं काही मिळणार नाही. मग बाजारपेठेतली एकजण म्हणाली, "अक्का, पुन्हा काढू या का? सुरुवात तिकडूनच कशाला?"

"तिकडून म्हणजे कुठून?" अक्काने विचारलं.

वस्तीतल्या यमुनाबाई उंबऱ्याजवळ बसल्या होत्या. शेतमजुरी करणारी, बौद्ध वस्तीतली ठाम बाई. त्या आपल्या अहिराणीत शांतपणे म्हणाल्या, "आम्हनी चिठ्ठी निंघनी ना? आते कसाले मांगे सरतस?" अक्काने ती चिठ्ठी सगळ्यांना दाखवली आणि म्हणाली, "निघाली ती निघाली. आज ही बदलली तर उद्या कुठलीच खरी नाही." त्या महिन्यात काही बायका भिशीतून बाहेर पडल्या. पण तार किल्ल्याखाली गेली. वस्तीत फक्त समाजमंदिरात एक टीव्ही होता. पहिल्या संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती.

पुढे गल्ली एकेक जोडली जात होती आणि पोस्टामागच्या गल्लीची चिठ्ठी काही निघत नव्हती. पहिले दोन-तीन महिने याची थट्टा व्हायची. मग थट्टा थांबली, कारण भाऊजींची तब्येत खालावत होती. मी गेलो की ते मला जवळ बसवून घ्यायचे. शब्द जड पडत, पण डोकं लख्ख. एकदा बाजारपेठेतून ओरडा ऐकू आला. ते म्हणाले, "चौकार गेला. तिकडे ओरडले की मला कळतं... सहा असेल तर जास्त वेळ ओरडतात." मी हसलो. ते हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "तुझी बहीण फार सरळ आहे, सुधाकर. सरळ माणसाबरोबर राहणं सोपं नसतं."

त्या महिन्यात तांबट गल्लीची चिठ्ठी निघाली होती. तिथल्या सिंधूबाई स्वतः घरी आल्या. "अक्का, आमची पाळी तुम्ही घ्या. आम्ही महिनाभर थांबतो. गल्लीत सगळ्यांना विचारून आलेय, कोणाची ना नाही." भाऊजी खाटेवरून अक्काकडे पाहत होते. अक्का पदराच्या टोकाला पीळ देत राहिली. मग म्हणाली, "नको सिंधूबाई. वस्तीची चिठ्ठी बदलू दिली नाही मी, आणि आता माझ्या घरासाठी बदलू? लोक म्हणतील, बाईचा नियम दुसऱ्यांना." सिंधूबाई म्हणाल्या, "कोणी म्हणणार नाही." अक्का म्हणाली, "मी म्हणेन."

भाऊजींनी मान वळवली.

ते संक्रांतीच्या आधी गेले. तोवर पोस्टामागची एकच गल्ली उरली होती, तेव्हा चिठ्ठी काढायची वेळच आली नाही. तेराव्यानंतर काही दिवसांनी मेकॅनिक तार घेऊन आला. अक्काने त्याला पाणी दिलं, शेजारच्या सगळ्या घरांत जोडणी होईपर्यंत ती त्याच्यासोबत उन्हात उभी राहिली, आणि स्वतःचा टीव्ही मात्र तिने लतासोबत सुरतेला पाठवून दिला. त्यानंतर कित्येक महिन्यांनी, तूर निवडत असताना, वर न पाहता तिने मला विचारलं, "चुकलं का रे माझं?" मी म्हणालो, "नाही अक्का." ती म्हणाली, "तू नाही म्हणणारच." आणि मग, "शेवटी शेवटी ते रेडिओही लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, बंद कर, डोकं दुखतं. त्यांचं डोकं कधी दुखलं नाही रे... चाळीस डिग्रीत गाडी चालवायचा तो माणूस." ती तूर निवडत राहिली.

अक्काची केबल चारेक वर्षं चालली. मग धुळ्याच्या एका मोठ्या केबलवाल्याने हायवेच्या बाजूने तार आणली. बाजारपेठ आणि तांबट गल्ली, तेवढंच त्याने घेतलं. चॅनेल जास्त, वर्गणी निम्मी. व्यापाऱ्याने पूर्वी जे म्हटलं होतं तेच, फक्त माणूस दुसरा. पहिल्यांदा बाजार गेला, मग सिंधूबाईंची तांबट गल्लीही गेली. त्या सांगायला आल्या आणि रडल्या. अक्काने त्यांनाच समजावलं, "निम्म्या पैशात मिळतंय तर का सोडाल?" उरल्या विरळ गल्ल्या, लांब तारा, आणि दर पावसाळ्यात जळणारी यंत्रं. त्यांची दुरुस्ती तेवढ्या घरांच्या वर्गणीत भागेना. बंद करायचं ठरलं तेव्हा किल्ल्याखाली सांगायला ती एकटी गेली. यमुनाबाई म्हणाल्या, "चार वरीस दखी लिधं ना आम्हीन, अक्का. तुमी कसाले रडतस?" हे मला यमुनाबाईंनीच सांगितलं. अक्का रडल्याचं अक्काने कधी सांगितलं नाही.

त्यानंतर ती मिटत गेली. शब्द आधीच कमी, ते आणखी कमी झाले. मग एका हिवाळ्यात हायवेच्या कडेने लांबलचक चर खणला जाऊ लागला. त्यात नळ्या टाकत होते. काचेची तार, केसाएवढी, तिच्यातून हजारो फोन आणि चित्रं एकदम जातात, असं मजूर सांगत होते. अक्का चौकशीला धुळ्याच्या ऑफिसात गेली. तिथल्या तरुण इंजिनिअरने तिला खुर्ची दिली, चहा दिला. ती एक्स्चेंजमध्ये होती हे कळल्यावर फार आदराने बोलला. पण म्हणाला, "बाई, ही तार मोठ्या शहरांना जोडायला आहे. सोनगीरवरून फक्त जाते. गावात उतरवायची तर यंत्रं लागतील, आणि तिथून घराघरात न्यायचा खर्च कोण करणार?"

"तेच विचारायला आले," अक्का म्हणाली. "किती लागेल?"

तो हसला, चांगल्या मनाने हसला. म्हणाला, "हे मला कोणी विचारलंच नव्हतं आजवर."

तिथून ती थेट जळगावला माझ्याकडे आली. कितीतरी दिवसांनी तिच्या बोलण्यात जोर होता. "सुधा, मागच्या वेळी कुठे फसलं ते मला कळलंय. आपण तार टाकायला पैसे जमवले, ती राखायला नाही जमवले. आणि तार माझी होती, लोकांची नव्हती. म्हणून सोडून जाताना कोणाला काही वाटलं नाही. आता प्रत्येक घराने आपल्या दारापासून खांबापर्यंतची तार आपल्या पैशाने घ्यायची. ती त्या घराची, दारासारखी, नळासारखी. मधली तार सगळ्यांची. मग बाहेरचा कोणी आला तरी त्याला आपल्याला विचारावं लागेल." मी म्हणालो, "अक्का, ती तार गावात उतरेल तेव्हा आपण असू का?" ती म्हणाली, "आपण नसू. म्हणून तर आतापासून जमवायला पाहिजे." बँकेतली माझी सगळी वर्षं मी कर्जाच्या अर्जांवर सह्या पाहिल्या. स्वतःला मिळणार नाही अशा वस्तूसाठी पैसे साठवायला निघालेलं माणूस मी तेवढं एकच पाहिलं.

ही दुसरी भिशी फार वाढली नाही. मोजक्या बायका आल्या, त्याही बहुतेक अक्काचा शब्द मोडवत नाही म्हणून. वर्षभर थोडे थोडे पैसे टाकत राहिल्या. यावर्षीच्या होळीला मी गेलो तेव्हा अक्काचे पाय सुजलेले होते, ओसरीची पायरी चढताना ती थांबत होती. धुळ्याला डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणाली, "पुढच्या महिन्यात." पुढचा महिना पुरता लागलाही नाही. दुपारी ओसरीवर टेकून बसली होती, तशीच गेली. त्या दिवशी सकाळीच सुरतेहून आलेली लता आत चहा टाकत होती.

परवा लताने घर बंद करण्याआधी त्या बायकांना बोलावलं होतं. मीही गेलो. त्या नेहमीसारख्या ओसरीवर येऊन बसल्या, भिंतीलगतची अक्काची जागा सोडून. लता स्वयंपाकघरातून स्टीलचा एक डबा घेऊन आली. त्यात प्रत्येकीचे पैसे वेगळ्या फडक्यात बांधलेले होते, फडक्याच्या रंगावरून कोणाचे ते कळेल असे. लताने एकेकीला तिचं फडकं दिलं. बायका फडकं कपाळाला लावत, कमरेला खोचत आणि उठत. घ्यायलाच हवे होते त्यांनी. ती काचेची तार गावाच्या शिवेवरून तशीच पुढे जाते आहे, आणि आता तिची चौकशी करायला धुळ्याला जाणारं कोणी नाही.

शेवटी यमुनाबाई राहिल्या. लताने त्यांचं निळं फडकं पुढे केलं. त्यांनी हात पुढे केला नाही.

"राहू दे माय," त्या म्हणाल्या.

"मावशी, मी घर बंद करून चाललेय. कुठे ठेवू?"

"अक्का ठेवे तठेच."

लता माझ्याकडे पाहायला लागली. मी मान हलवली. तिने फडकं डब्यात ठेवलं, झाकण लावलं आणि डबा आत नेऊन फळीवर, तुरीच्या डाळीशेजारी ठेवला. यमुनाबाई तो ठेवल्याचा आवाज येईपर्यंत थांबल्या, मग चपला घालून किल्ल्याच्या बाजूला चालू लागल्या. लताने कुलूप लावलं. किल्ली तिने माझ्याकडे दिली आहे.