कडी सोडून आत गेले तेव्हा

सातवा महिना चालू होता आणि माझा देवीवर राग होता, हे आधीच सांगून टाकते. सोनोग्राफीत बाळाच्या छातीत नको ते दिसलं होतं. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला भोक असावं, त्यातून आतडी वर चढली असावीत, असा डॉक्टरीणबाईंचा अंदाज. फुफ्फुसाला वाढायला जागा उरली आहे का, ते मात्र त्यांना नीट दिसत नव्हतं. मुंबईत एमआरआयवर पोटातल्या बाळाचाही फोटो काढतात, असं त्यांनी नुकतंच ऐकलं होतं. "आधी कळलं तर जन्माच्या वेळी सर्जन तयार राहतील," त्या म्हणाल्या. वज्रेश्वरीची इतकी वर्षं ओटी भरली त्याचं हेच फळ का, म्हणून मी आतल्या आत धुमसत होते.

भिवंडीजवळ राहनाळला आमच्या घरात पोटुशीच्या कमरेला काळ्या दोऱ्यात लोखंडाची कडी बांधतात, देवीच्या पायाला लावून आणलेली. बाळंत होईपर्यंत ती सोडायची नाही. मी रुसले होते, तरी कडी काही सोडली नव्हती. आणि मुंबईत एमआरआय मशीनच्या दारात सांगितलं, अंगावर लोखंड चालणार नाही. मंगळसूत्र, बांगड्या उतरवल्या. कडीवर मात्र अडून बसले. आमचे हे समजावून थकले. सोबत आलेल्या सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "सोडलीस आनि काय झाला तं, गो?"

शेजारच्या बाकावर बुरख्यातली एक म्हातारी बसली होती, मुलाच्या पाठीच्या फोटोसाठी आलेली. तीही भिवंडीचीच निघाली. ओंजळ पुढे करून म्हणाली, "बेटी, मेरे हाथ में दे. तू आने तक नीचे नहीं रखूँगी." सासूबाईंनीच वाकून गाठ सोडली.

आत निजल्यावर हात कमरेकडे गेला. तिथे काहीच नव्हतं, आणि मी फार घाबरले. मशीन आमच्या घरामागच्या पॉवरलूमसारखं खडखडू लागलं. बाळ हललं की फोटो बिघडतो, आणि माझं बाळ तर सकाळपासून उड्या मारत होतं. कितीतरी दिवसांनी रुसवा विसरून म्हटलं, आई, आता तूच बघ. बाळ शांत झालं. आमचे हे म्हणतात, लूमच्या आवाजाची त्याला पोटातूनच सवय. म्हणोत बापडे.

बाहेर आले तेव्हा कडी त्या ओंजळीत तशीच होती. म्हातारीचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं. फोटो स्वच्छ निघाले होते. यकृत छातीत न चढता जागेवरच होतं, फुफ्फुस लहान असलं तरी बऱ्यापैकी वाढलेलं. बाळंतपण मुंबईतच झालं. मुलीला जन्मल्याबरोबर श्वासाची नळी घातली आणि मग ऑपरेशन केलं. आता ओटी भरताना मी देवीकडे काही मागत नाही. माझ्या हातून होईल तेवढं मी करते, पुढचं तिच्यावर सोडते आणि निवांत झोपते.

घशात नळी होती तोवर ती रडली तरी आवाज फुटत नव्हता. नळी काढली त्या दुपारी मुलगी पहिल्यांदा आवाज काढून रडली. मी थोपटायला धावले, तर सासूबाईंनी माझा हात धरला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"रडू दे गो तिला," त्या म्हणाल्या. "गप नको करू."