नसलेल्या पंचाला सलाम

नांदेडच्या जिम्नॅस्टिकच्या पोरींना दहा वर्षं मीच जीपनं स्पर्धेला नेतो. त्यातली एक, तीन वर्षं राज्यात पहिली आलेली, जीपमधून कधी सरळ उतरतच नाही. दोन्ही पाय जोडून उडी मारते, खांबासारखी उभी राहते आणि हात वर करते.

"कुणाला सलाम करून राहिलीस गं?"

"पंचाला, काका. उडी संपली की करायचा असतो."

"हितं कुठं हाय पंच?"

"नसला तरी करायचा."

यंदा लातूरच्या स्पर्धेत व्हॉल्टच्या घोड्यावरून उडी मारून उतरताना तिचा गुडघा गेला. स्ट्रेचर आलं, तर ही लंगडत घोड्यापुढच्या, उसळी घ्यायच्या स्प्रिंगबोर्डकडे निघाली. तो वीतभर घोड्याकडे सरकवला, मगच आडवी झाली. पुढची उडी तिच्याशी कायम चुरस असणाऱ्या पोरीची होती. सुवर्णपदक त्याच पोरीनं नेलं.

परत येताना लोह्यापाशी मी विचारलंच, बोर्ड का सरकवलास म्हणून.

"बोर्ड माझ्या मापाचा होता, काका. ती बुटकी हाय. घाईत पळाली असती तर पडली असती की."

नांदेडला तिला धरून उतरवायला गेलो. "न्हाई, सरका तुम्ही." दाराला धरून ती एका पायावर उतरली, सरळ झाली आणि तिनं हात वर केला.

समोर पंच नव्हताच. मग मीच हात वर केला.