आमच्या उभ्या गाडीचं दुखणं

आमची गाडी रस्त्यात कधीही बंद पडली नाही. ती फक्त पार्किंगमध्ये बंद पडायची.

डोंबिवली पश्चिमेला आमची सोसायटी आहे. खाली खांबांच्या मधलं अंधारं पार्किंग, त्यात आमची छोटी गाडी. ऑफिसला जायला ती काढत नाही, त्यामुळे आठवडाभर कव्हर पांघरून झोपलेली असते आणि रविवारी आम्ही तिला उठवतो. एका रविवारी ती उठली नाही. चावी फिरवली, आतून फक्त 'टक्' असा आवाज आला आणि शांतता. मेकॅनिक आला. बॅटरी म्हातारी झाली आहे म्हणाला, नवी बसवून गेला.

तिथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला माणूस आहे! (डिप्लोमा झाल्या झाल्या विमा कंपनीत चिकटलो, त्यामुळे ट्यूबलाइटचा स्टार्टर बदलण्यापलीकडे त्या विद्येला हवा लागलेली नाही.) पुन्हा असं होऊ नये म्हणून मी करंट मोजायचा मीटर विकत घेतला. पिवळाधमक, त्यावर जाड रबराचं जॅकेट, आणि लाल-काळ्या दोन लांबलचक वायरी.

"बॅटरी नवीन आहे ना? मग हे कशाला?" माझ्या बायकोने, सुषमाने विचारलं.

"लागतं. तुला नाही कळायचं."

हत्यार कसं जागच्या जागी असावं. म्हणून मी मीटर गाडीतच, डाव्या सीटसमोरच्या कप्प्यात ठेवला. तिथे आईने आधीच गणपतीची तसबीर आणि अंगाऱ्याच्या पुड्या ठेवल्या होत्या. देवाला थोडं सरकून घ्यायला लावलं, वायरी कोंबल्या, झाकण दाबलं. बसलं.

पुढच्या रविवारी चावी फिरवली. टक्!

आता नवीन बॅटरी उतरते म्हणजे काय? आमच्या वरच्या मजल्यावरचे गायकवाड धावून आले. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, आणि एका गाडीच्या बॅटरीवरून दुसरी सुरू करायच्या जाडजूड केबल स्वतःच्या गाडीत बाळगणारे सोसायटीतले एकमेव गृहस्थ. आपली गाडी नाकासमोर आणून त्यांनी केबल जोडल्या, आमची सुरू करून दिली आणि म्हणाले, "दातारसाहेब, कुठेतरी करंट चोरीला जातोय."

चोरी! मी बाह्या सरसावल्या. कप्प्यातून मीटर काढला, झाकण लावलं, दारं बंद केली, बॉनेट उघडून बॅटरीची एक वायर सोडवली आणि मध्ये मीटर जोडला. गाडी झोपेत किती करंट खाते ते असं मोजतात. आकडा बघितला. नाममात्र! घड्याळ चालेल एवढाच. एकेक फ्यूज काढून पाहिला, घालून पाहिला. काहीच नाही. गाडी धुतल्या तांदळासारखी होती. मी मीटर पुसला, कप्प्यात ठेवला, झाकण दाबलं, कव्हर घातलं आणि समाधानाने वर जाऊन चहा प्यायलो.

चार दिवसांनी टक्!

आता इथे सांगायला हवं की हे सगळं चेष्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. माझ्या ताईच्या मुलीचं, सायलीचं लग्न तोंडावर आलं होतं. हॉल ठाण्याला, घोडबंदर रोडवर. सायलीला मामा एकच, तो मी. गुरुजींनी पुकारलं की नवरीला गौरीहरापासून बोहल्यावर मामानेच आणायचं असतं, आणि ती एवढीशी होती तेव्हापासून "मामा, तूच आणणार हं मला" असं तिने बजावून ठेवलेलं. त्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तिला पाय लांब करून पुढच्याच सीटवर बसावं लागे.

"नंदू, सरळ मोठी कॅब कर," ताई फोनवर म्हणाली. "गुरुजी मामाला हाका मारतायत आणि मामा डोंबिवलीच्या पार्किंगमध्ये, असं नको व्हायला."

"आजी मामाच्याच गाडीतून येणार," मी म्हणालो. हे वाक्य बोलताना फार रुबाबदार वाटलं होतं.

मग शोधकार्य जोरात सुरू झालं. सोसायटीतल्या प्रत्येकाकडे एक निदान होतं. उंदीर वायरी कुरतडतात. दमट हवेने बॅटरी उतरते. एक जण म्हणाला, कोणीतरी गुपचूप गाडीत बसून गाणी ऐकत असणार. मला हे पटलं. (त्या दिवसांत मला काहीही पटत होतं.) मी चारही दारांच्या फटींवर चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावले आणि वॉचमनकडे संशयाने बघू लागलो.

"साहब, मेरे पे शक है क्या?" त्याने एकदा विचारलंच.

"नहीं नहीं, ऐसे ही."

"मेरे को तो गाड़ी का दरवाज़ा खोलना भी नहीं आता, साहब."

चिकटपट्ट्या जागच्या जागी राहिल्या. बॅटरी उतरली.

शेवटी गाडी कल्याणच्या एका गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. माझा मीटर अर्थात काढून घरी आणला. परक्याच्या हाती हत्यार कोण देतं! दोन-तीन दिवस गाडी तिथे उभी होती. मग मेकॅनिकचा फोन आला. "रोज सकाळी एका चावीत चालू होतेय. गाडीत काही प्रॉब्लेम नाही."

"अहो, मग आमच्याकडेच का होतंय?"

"प्रॉब्लेम तुमच्या बिल्डिंगमध्ये असेल," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

हे मी जेवताना घरी सांगितलं, ही चूक झाली. आईने घास खाली ठेवला. "मी म्हणत नव्हते? जागेतच दोष आहे." दुसऱ्या दिवसापासून गाडीचं तोंड पूर्वेला करण्यात आलं, त्यासाठी गायकवाडांना त्यांची गाडी तिरकी लावावी लागली आणि त्यांच्यामुळे आणखी दोघांना. पुढे लिंबू-मिरची लटकली. मीही माझा मीटर पुन्हा कप्प्यात ठेवला, कारण आता तर तो हाताशी असण्याची खरी गरज होती.

"दातारसाहेब," गायकवाड मान वाकडी करून आपल्या तिरक्या गाडीकडे बघत म्हणाले, "घोडा घ्या. चारा घातला की सकाळी चालतो."

आईचा पाय मोकळा व्हावा म्हणून डॉक्टरांनी तिला रोज फिरायला सांगितलं होतं. संध्याकाळी ती काठी टेकत पार्किंगमध्ये फेऱ्या मारायची आणि वर आली की तिचा चेहरा प्रसन्न असायचा. "तुझं सगळं नीट होईल हो नंदू," असं म्हणायची. मला वाटायचं, बिचारी धीर देते आहे.

लग्नाच्या दोन दिवस आधी मी शेवटची कसून तपासणी केली. मीटर काढला, जोडला, आकडा पाहिला. उत्तम! इंजिन चालवून बॅटरी चांगली भरून घेतली. मीटर कप्प्यात, झाकण बंद, कव्हर वर. "आता ब्रह्मदेव आला तरी बॅटरी उतरणार नाही," मी सुषमाला म्हणालो.

लग्नाच्या सकाळी मी रेशमी कुर्ता घालून, अत्तर लावून खाली उतरलो. सुषमा पैठणी सांभाळत मागे बसली. आईला पुढे बसवलं, काठी तिच्या बाजूला ठेवली. चावी फिरवली.

टक्!

मी मोबाइल काढून कॅब शोधू लागलो. लग्नसराई! एकही मोकळी नव्हती. जी मिळाली तिच्या ड्रायव्हरने फोन करून "घोडबंदर? नको साहेब, ट्रॅफिक," म्हणून रद्द केली. माझ्या डोळ्यांसमोर सायली गौरीहरापाशी बसून दाराकडे बघताना दिसू लागली. वय वर्षं बावन्न, कपाळाला गंध, आणि मी पार्किंगमध्ये रडायच्या बेतात होतो.

"गायकवाड!" मी जिन्यातून ओरडलो.

गायकवाड अर्ध्या दाढीच्या साबणासकट उतरले. गाडी सरळ केली, नाकाला नाक लावलं. मी बॉनेट उघडलं, केबल पकडल्या. (कुर्त्यावर हाताएवढा काळा डाग तेव्हाच पडला.) लाल वायर जोडली, काळी जोडली.

तेवढ्यात गाडीतून आईचा आवाज आला. "लागला गं बाई!" आणि ती समोर हात जोडून बसली.

"कोण लागला?" मी खिडकीपाशी गेलो.

"दिवा. देवाचा. मघाशी विझला होता, मला बाई धस्स झालं."

"कुठला दिवा?"

"हा काय!" तिने समोरच्या कप्प्याकडे बोट दाखवलं. झाकण बसल्यासारखं दिसत होतं, पण बसलेलं नव्हतं. वरच्या कडेला नखभर फट होती आणि त्या फटीतून पिवळा उजेड येत होता. "रोज लागलेला असतो. संध्याकाळी फिरून झालं की मी कव्हर जरा वर करते आणि नमस्कार करते. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, देवाधर्माला नाकं मुरडणारा माझा नंदू, पण तसबिरीपुढे अखंड दिवा लावून दिलाय, आणि कुणाला बोललासुद्धा नाही."

मी झाकण उघडलं. माझ्या मीटरची जाडजूड लाल वायर झाकणाच्या खाचेत अडकून चपटी झाली होती. त्यामुळे झाकण पूर्ण मिटायचं नाही आणि आतला दिवा विझायचा नाही. दिवसरात्र जळायचा. मी तपासायला मीटर बाहेर काढला की झाकण नीट मिटायचं, दिवा विझायचा आणि आकडा उत्तम यायचा! तपासणी संपवून मी मीटर जागेवर ठेवायचो, आणि दिवा पुन्हा लागायचा. पहिली बॅटरी खरंच म्हातारी होती. नवी मात्र दर वेळी मीच उतरवली होती.

गायकवाडांनी कप्प्यात डोकावून पाहिलं. मीटरकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या गालावरचा साबण हलू लागला.

"हसा," मी म्हणालो.

ते खांबाला धरून हसले. सुषमा मागे पैठणीचा पदर तोंडात धरून हसत होती. आणि खरं सांगतो, मलाही इतकं हलकं वाटलं की मीही हसत सुटलो. भूत नव्हतं, वास्तुदोष नव्हता, वॉचमन निर्दोष होता. फक्त मी होतो! मीटर सुषमाच्या मांडीवर गेला, झाकण खट्‌कन मिटलं, चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली.

"तास-दीड तास इंजिन बंद करू नका," गायकवाड ओरडले.

माणकोलीच्या पुलावरून आम्ही वाऱ्यासारखे निघालो. कापूरबावडीला मात्र व्हायचं तेच झालं. समोर गाड्यांचा समुद्र. शेजारचे शहाणे लोक पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून बसले होते, आणि मी ॲक्सिलरेटरवर हळुवार पाय ठेवून गाडीला "चल गं बाई, चल," म्हणत होतो. ताईचे फोनवर फोन. शेवटचा फोन तिने गुरुजींच्या शेजारूनच केला होता बहुधा, कारण मागून मंत्र ऐकू येत होते.

हॉलच्या दारात गाडी लावली तेव्हा आतून माइकवर आवाज येत होता. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं! मुलीचे मामा!" मी चावी सुषमाकडे फेकली आणि पळालो. गौरीहरापाशी सायली मान वर करून दाराकडेच बघत बसली होती. मला पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला.

"मामा, कुर्त्याला काय लागलंय?" ती कुजबुजली.

"ग्रीस. चल."

तिचा हात हातात घेऊन मी बोहल्याकडे चालू लागलो आणि मला काही दिसेना, डोळेच भरून आले होते. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. इतकं सुटल्यासारखं मला माझ्या स्वतःच्या लग्नातही वाटलं नव्हतं.

पंगतीत ताईने विचारलंच. "काय झालं होतं रे गाडीला?"

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. "काही नाही गं. नंदूने गाडीत देवापुढे अखंड दिवा लावलाय. त्याने बॅटरी उतरली, पण याने दिवा काही विझू दिला नाही."

समोर बसलेले मुलाचे वडील, म्हणजे आमचे ताजे ताजे व्याही, जिलबी हातात तशीच धरून माझ्याकडे बघत राहिले. "वा! आजच्या काळात अशी श्रद्धा! आमच्या गाडीतही बसवून द्याल का असा दिवा?"

सुषमाला जोराचा ठसका लागला. पण आम्ही मुलीकडची माणसं, लग्न लागून तास झाला नव्हता, व्याह्यांना नाही कसं म्हणणार? "देतो की," मी म्हणालो. "फक्त गाडी एका जागी फार दिवस उभी ठेवायची नाही. चालत नाही."

"असं असतं होय!" व्याही भक्तिभावाने म्हणाले, ताटावरून उठले आणि माझ्या पाया पडायला वाकले. मी त्यांना वरच्या वर धरलं. तेवढी लाज अजून शिल्लक होती.