धुळ्याला नेलेला चिमटा

माझ्या मोठ्या बहिणीला बघायला धुळ्याची मंडळी जळगावला येणार होती. ऐन वेळी निरोप आला, मुलाची आजी अंथरुणाला खिळली आहे, तुम्हीच मुलीला घेऊन या. म्हणून आई, वडील, बहीण आणि मी असे चौघं सकाळच्या एस.टी.नं निघालो. मी तेव्हा मॅट्रिकला होते. पिशवीत मावशीनं मुंबईहून आणलेला केस कुरळे करायचा चिमटा मीच हट्टानं घेतला होता. लोखंडी, लाकडी मुठीचा.

धर्मशाळेत उतरल्यावर तिथल्या बाईंकडून स्टोव्ह मागून आणला. घरी मी चिमटा शेगडीवर तापवायची, त्याचा अंदाज होता. स्टोव्हचा नव्हता. बहिणीच्या कानाजवळची बट गुंडाळली आणि चर्र आवाज झाला.

"सोड! सोड गं!" बहीण ओरडली.

बट चिमट्यातच राहिली. कानशिलावर लालभडक पट्टा उठला. आईनं खोबरेल लावलं, वरून केस ओढून घेतले.

मुलाच्या घरी बैठकीतच आजीची खाट होती. पोहे झाले, चहा आला. बहीण चहा द्यायला वाकली तसे केस सरकले.

"हे काय झालं?" मुलाच्या आईनं विचारलं.

"भाजलं," बहीण म्हणाली. "सकाळी, स्टोव्हपाशी."

मुलाच्या आईचा हात बशीवर थांबला. मुलगा उठून आत निघून गेला. खाटेवरून आजीचा आवाज आला, "ती बी अशीच जळनी व्हती."

"आई, गप बस!" मुलाचे वडील ओरडले. मग आमच्याकडे बघून हसले. "वय झालं. काहीही बोलते."

माझ्या वडिलांनी चहा तसाच खाली ठेवला.

बाहेर पडल्यावर ते समोरच्या मारवाडी कापडवाल्याकडे गेले. आम्ही पायरीशी उभ्या होतो.

"शेठजी, त्यांची मोठी सून वारली का हो?"

"मोठी कुठली, भाऊ? मुलगा एकच आहे. त्याची बायको गेली गेल्या साली. स्टोव्ह भडकला म्हणे."

"म्हणे?"

कापडवाल्यानं रस्त्याकडे एकदा पाहिलं आणि ठाण गुंडाळायला घेतलं. "दार लोकांनी फोडलं, भाऊ. कडी बाहेरून होती."

परतीच्या गाडीत बहिणीनं माझा हात धरला होता, तो पारोळा गेलं तरी सोडला नाही. नकाराचं पत्र वडिलांनी दुसऱ्या दिवशी टाकलं.

दोनेक महिन्यांनी कानावर आलं की त्याच मुलासाठी नशिराबादची मुलगी ठरतेय. वडील जेवण अर्धवट टाकून सायकलवर निघाले. संध्याकाळी परतले तेव्हा शर्ट घामानं चिकटला होता.

"भेटले का तिचे वडील?" आईनं विचारलं.

"भेटले. मांडव सोडत होते. कालच वरात गेली."

"मग सांगितलं नाही?"

"काय सांगू? त्यांनी माझ्या हातावर लाडू ठेवला."

पुढे त्या मुलीचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. जाणून घ्यायचं धाडसही आमच्यापैकी कोणी केलं नाही.