तिसऱ्या अंकातलं वाक्य

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि मी कोण? चार माणसं दिसली की किस्से सुरू करणारा! आमच्या उन्हाळी नाटक मंडळाचे तर कितीतरी रंगवतो. टेम्पो तळोज्याजवळ बंद पडला नि राणीसाहेबांनी पदर खोचून तो ढकलला – राणीसाहेब म्हणजे आमच्या टायपिस्ट बाई. पण तळवलीचा प्रयोग आला, की मी पाणी प्यायला उठतो. का उठतो?

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. बेलापूरच्या कचेरीतले आम्ही आठ जण मे महिन्यात रजा टाकायचो आणि गावोगाव एकच रहस्यनाटक करायचो. इन्स्पेक्टर व्हायचे दामूअण्णा, आमचे हेडक्लार्क. आवाज ढगासारखा, पाठांतर शून्य! विंगेतून वाक्यं सांगायला मी. मी जे कुजबुजेन ते अण्णा तस्संच गर्जायचे – अर्थ लावत बसायचे नाहीत. इतका विश्वास.

आणि मला – सांगू? – तो इन्स्पेक्टर हवा होता. तीन उन्हाळे हवा होता.

तळवलीत शाळेपुढचं मैदान भरलेलं. दुसरा अंक. अण्णा थांबले, कान माझ्याकडे. पुढचं वाक्य डोळ्यांसमोर होतं – आणि मी वहीची पानं उलटली. चुकून? नाही. तिसऱ्या अंकातलं शेवटचं वाक्य सांगितलं.

"खून तुमच्या धाकट्या भावाने केलाय!" अण्णा गरजले.

धाकटा भाऊ अजून रंगमंचावर आलाच नव्हता.

पुढून एक म्हातारी ओरडली, "खुनी तं गावला! आता आमी कशाला बसाचा?" हशा उसळला – आणि लोक चटया गुंडाळायला लागले.

पडद्यामागे सगळे अण्णांवर तुटून पडले. मी वही छातीशी धरून उभा. आता ते माझ्याकडे बोट दाखवणार – आता – आता...

"वश्याने बरोबरच सांगितलं असणार रे," अण्णा माझ्याकडे पाहत म्हणाले. "माझेच कान गेले. पुढच्या गावापासून इन्स्पेक्टर तोच करील."

मी नाही म्हटलं का? वर्दी अंगाला होते का, ते पाहिलं.

त्यानंतर अण्णा कधी रंगमंचावर चढले नाहीत. विंगेत बसले, वही धरून. सहा उन्हाळे मला वाक्यं सांगितली, एकही चुकीचं नाही. प्रवेशाआधी पाठीवर हात ठेवायचे – "घाबरू नको, मी आहे."

मी घाबरलेलाच असायचो. आज त्यांना कळेल, म्हणून. अण्णा गेले. त्यांना कळलं नाही. मी सांगितलं नाही.