मोती पिकायची वाट

आजवर कुणाला सांगितलं नाही ते आधी सांगतो. सोनाआत्याची नजर तिच्या हयगयीने गेली नाही, माझ्यामुळे गेली.

वडिलांची ही थोरली बहीण चाकणजवळ आमच्या गावी राहते. बाजूने आलेली म्हैस तिला दिसेना, दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागला, तेव्हा मीच तिला डोळ्यांच्या शिबिराला नेलं. तिला बाकावर बसवून डॉक्टर मला म्हणाले, "नुसता मोतीबिंदू नाही, काचबिंदूही आहे. त्याने गेलेली नजर परत येत नाही. थांबू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या."

कंपनीत ओव्हरटाइम जोरात होता. मी आत्याला सांगितलं, "मोती कच्चा आहे अजून. पिकला की काढू." गावात सगळे असेच थांबतात. तीही थांबली. दोन दिवाळ्या गेल्या आणि तिला दिवे दिसेनात.

लोक बोलायला लागले तेव्हा ती म्हणाली, "माझीच हयगय. भाच्यानं तर शिबिराला नेलं व्हतं." मी शेजारीच उभा होतो.

पण आत्या घरात बसून राहिली नाही. शेवटी उशिराने दवाखान्यात नेलं तेव्हा तिची तपासणी कशी केली ते तिने ध्यानात ठेवलं होतं. आता लग्न असो की दहावा, चाळिशीपुढचा कुणी हाती लागला की ती त्याला समोर बसवते, एक डोळा झाकायला लावते आणि त्याच्या कानाशी हात धरते. "म्होरंच बघ. बोटं किती?"

एकदा सरपंचांनी अंदाजाने ठोकून दिलं, "तीन."

"मूठ हाय ती, सरपंच. उद्या दवाखान्यात."

मांडव हसला. सरपंच मात्र गेले, आणि काचबिंदूच निघाला. मोती पिकू दे म्हणणाऱ्याला तिचं उत्तर ठरलेलं. "पिकायला आंबा हाय व्हय? आदी दाब बघून ये डोळ्याचा."

मी राहतो त्या काळेवाडीत गावाकडचं कुणी भेटलं की मी ताठ मानेने सांगतो, मी सोनाआत्याचा भाचा.

गेल्या वर्षी तिने मलाच धरलं. "रक्तातलं दुखणं हाय ह्ये. तू माझ्या भावाचा. चल." माझाही दाब वाढलेला निघाला, पण वेळेत. थेंब सुरू झाले, नजर शाबूत आहे. बाहेर आल्यावर तिने चाचपत माझ्या हातात बाटली दिली.

"थांबू नगं, बाबा. मी थांबले."

डॉक्टरांनी तेव्हा थांबू नका म्हटलं होतं, हे तिला सांगायचं देणं माझ्यावर अजून बाकी आहे.